नळीवरची अक्षरं वाचा, मग पैसे मोजा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर बोलणारे आज बरेच झाले, माझ्यानंतरही आहेत. मला नेमून दिलेला विषय लहान आहे. विहिरीपासून शेतापर्यंत आपण जी पाइपलाइन टाकतो तिच्यावर, आणि तिला जोडणाऱ्या एल्बो, टी, सॉकेट, रिड्यूसर या तुकड्यांवर काय लिहिलेलं असतं आणि काय लिहिलेलं असायला पाहिजे, एवढंच मी सांगणार आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतले दोघं-तिघं चहाला उठले, ते मला दिसलं. जाऊ द्या. त्यांच्याच वावरात टी फुटली की ते विचारायला येतील.

ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्याची लाइन फुटली तर त्याचा एक दिवस जातो. दुसऱ्या दिवशी फिटर येतो, तुकडा बदलतो, पाणी पुन्हा सुरू. आपलं तसं नाही. आपण कोरडवाहूवाले. आपल्या विहिरीत दिवाळीनंतर जे पाणी उरतं ते एका पाळीचं, फार तर दोन पाळ्यांचं. कापूस बोंडं भरायला आलेला असतो, रब्बी ज्वारी पोटरीत आलेली असते, आणि तेव्हाच जमीन भेगाळायला लागते. त्या वेळी दिलेलं एक पाणी आणि न दिलेलं एक पाणी यांत किती क्विंटलचा फरक पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता हिशेब करू. पंप सेकंदाला ५ लिटर पाणी फेकतो असं धरा. तासाला १८ हजार लिटर झालं. लाइट रात्रीची. तुम्ही मोटार चालू करून वावराच्या वरच्या टोकाला दारं धरायला गेलात, आणि खालच्या अंगाला धुऱ्याजवळ टी फुटली. अंधारात कळलं नाही. वर पाणी कमी येतंय, पण तुम्हाला वाटलं व्होल्टेज कमी असेल. चार तास असे गेले तर ७२ हजार लिटर पाणी नाल्यात गेलं. एका एकराला दोन इंच पाणी द्यायचं म्हणजे सुमारे दोन लाख लिटर लागतं. म्हणजे एका एकराच्या पाळीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला, आणि तो विहिरीत पुन्हा येणार नाही. फुटलेला तुकडा होता हाताच्या मुठीएवढा. साऱ्या सामानात सगळ्यात स्वस्त.

पंप दुरुस्तीच्या निमित्ताने मी पुष्कळ वावरं फिरलो. माझा अनुभव असा की शेतकरी पाइप घेताना चौकशी करतो. कंपनी विचारतो, घासाघीस करतो, चार दुकानं फिरतो. पण फिटिंग घेताना तो फक्त एवढंच म्हणतो, ‘अडीच इंची चार एल्बो आणि दोन टी टाका हो पिशवीत.’ दुकानदार मुठीने काढतो आणि टाकतो. त्यावर काय छापलंय ते दोघंही बघत नाहीत. पाइप सहा किलोचा आणि टी कसलीच खूण नसलेली, अशी लाइन मी शेकड्याने पाहिली. बैलजोडी खिलारी आणि जुवाला सुतळी बांधलेली, तसला प्रकार. लाइनची ताकद सगळ्यात कच्च्या तुकड्याएवढीच असते.

बियाण्याच्या पिशवीला लेबल असतं. निळं लेबल म्हणजे प्रमाणित बियाणं, पांढरं म्हणजे पायाभूत, हिरवट म्हणजे सत्यदर्शक, हे आपल्याला पाठ आहे. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल असला की आपण पोरांना दूर ठेवतो. पाइपलाही अशीच भाषा आहे, फक्त ती आपल्याला कोणी शिकवली नाही. शिवाय ती इंग्रजीत छापलेली. ज्याने पैसे मोजायचे त्याला वाचता येऊ नये अशा लिपीत माल विकायचा, ही या देशातली जुनी रीत आहे. म्हणून आज आपण ती भाषा थोडी शिकू.

आधी माप. लोखंडी जी. आय. पाइपाला आपण दोन इंची म्हणतो तेव्हा तो आकडा पाइपाच्या आतल्या पोकळीचा, तोही ढोबळ. त्याचं मानक आहे आय. एस. १२३९. त्यात या पाइपाला ५० मि.मी. नाममात्र पोकळीचा म्हणतात, पण बाहेरून मोजला तर तो ६० मि.मी.हून थोडा जास्त भरतो. पीव्हीसी पाइपाचं उलटं आहे. त्याचं मानक आय. एस. ४९८५. त्यावर लिहिलेला आकडा हा बाहेरच्या मापाचा असतो. दुकानात दोन इंची म्हणून जो पीव्हीसी मिळतो त्यावर ६३ लिहिलेलं असतं, अडीच इंचीवर ७५, तीन इंचीवर ९० आणि चार इंचीवर ११०. हे मि.मी. आहेत आणि बाहेरचे आहेत. म्हणून लोखंडाचा दोन इंची आणि पीव्हीसीचा दोन इंची एकमेकांत बसत नाहीत. मग माणूस सायकलची ट्यूब गुंडाळतो, सुतळी गुंडाळतो, वरून सोल्युशन ओततो. मध्ये आट्याचा जोड लागतो, एका बाजूला आटे आणि दुसऱ्या बाजूला चिकटवायचं सॉकेट असलेला. तो घ्या. ट्यूब गुंडाळून केलेला जोड आज ना उद्या गळतोच. इंच बोलायला सोपा आहे, बोला. पण पैसे देताना मि.मी.चा आकडा वाचा.

काळ्या एचडीपीई पाइपावर आणखी एक गंमत आहे. त्यावर ‘पीई ६३’ असं छापलेलं असतं. एका भावाने तो पाइप ६३ मि.मी.चा समजून नेला. तो ६३ मि.मी.चा नव्हता. पीई ६३, पीई ८०, पीई १०० ही त्या प्लॅस्टिकच्या जातीची नावं आहेत, मालाच्या ताकदीची. माप वेगळं लिहिलेलं असतं, दाब वेगळा लिहिलेला असतो. दाबापुढे इंग्रजी ‘पीएन’ अशी दोन अक्षरं येतात. पीएन ६ म्हणजे सहा किलोपर्यंतचा. म्हणजे एकाच ओळीत तीन आकडे, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

आता दाब. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण फुटतं ते इथेच.

दहा मीटर उंच पाण्याचा खांब तळाशी जेवढा दाबतो तो सुमारे एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. ३३ फुटांना एक किलो, असं लक्षात ठेवा. पीव्हीसी पाइपाचे वर्ग यावरून पाडलेले आहेत. पहिला वर्ग अडीच किलोचा, दुसरा चार किलोचा, तिसरा सहाचा, चौथा आठचा, पाचवा दहाचा, सहावा साडेबाराचा. पाइपावर ‘क्लास ३’ असं लिहितात किंवा ६ किलो असं लिहितात. हल्ली बऱ्याच ठिकाणी ०.६ एमपीए असं लिहिलेलं दिसतं. ते घाबरण्यासारखं नाही. ०.६ एमपीए म्हणजे तेच सहा किलो, ०.४ म्हणजे चार. शून्य आणि टिंब काढा, किलो मिळाले.

तुमची विहीर घ्या. पाणी जमिनीपासून ४० फूट खाली, म्हणजे १२ मीटर. वावर चढावर, समजा ३० फूट वर, म्हणजे ९ मीटर. लाइन दीड हजार फुटांची, ७५ मि.मी.ची. सेकंदाला ५ लिटर पाणी तिच्यातून न्यायचं तर घासण्यातच साधारण १० मीटर जातात. बेरीज ३१ मीटर. म्हणजे पंपाजवळ तीन किलोहून थोडा जास्त दाब. हीच लाइन पैसे वाचवायला ६३ मि.मी.ची टाकली तर घासण्यातले १० मीटर वाढून वीसच्याही पुढे जातात, आणि वरती येणारं पाणी कमी होतं. पाइपात वाचवलेले पैसे लाइटच्या बिलात जातात, हे आपण विसरतो.

तीन किलो आले म्हणून चार किलोचा पाइप पुरेल असं कोणी म्हणेल. थांबा. एक वॉल बंद करून दुसरा उघडतो तेव्हा मधे क्षणभर दोन्ही बंद असतात. त्या वेळी पंप पाणी फेकत नाही, नुसता दाबत राहतो, आणि त्याचा तेव्हाचा दाब चालू असतानाच्या दाबापेक्षा वर जातो. दुसरं, लाइट अचानक जाते. आपल्याकडे ती अचानकच जाते. चढावर चाललेलं पाणी थांबतं, मागे फिरतं आणि खाली येऊन आदळतं. घणाचा ठोका बसावा तसा तो ठोका बसतो. तुम्ही तो ऐकला असेल, विहिरीतून धाडकन आवाज येतो. तो ठोका वळणावर आणि फाट्यावर, म्हणजे एल्बोवर आणि टीवर सगळ्यात जोरात बसतो. तिसरं, पाइपावर लिहिलेला दाब हा २७ अंश तापमानाला धरलेला आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात सावलीतच ४४-४५ अंश असतात. पीव्हीसी तापला की मऊ पडतो, त्याची ताकद उतरते. म्हणून लाइन जमिनीत गाडायची, आणि चढाच्या वावराला सहा किलोच्या खाली जायचं नाही, असं माझं मत आहे. सपाट वावरात, जवळच्या विहिरीवर चार किलो चालेल. सरसकट सगळ्यांनी महागाचा घ्या असं सांगायला मी काही पाइप विकत नाही.

जाडीत किती फरक असतो? ११० मि.मी.चा चार किलोचा पाइप सुमारे अडीच मि.मी. जाड असतो, सहा किलोचा पावणेचारच्या आसपास. म्हणजे मालच दीडपट. त्यामुळे कोणी सहा किलोचा पाइप चारच्या भावात देतो म्हणाला तर तो दानशूर आहे असं समजू नका. तोंडाशी जाडी बघा.

रंगाबद्दल सांगतो, कारण रंगाने पुष्कळ जण फसतात. लोखंडी पाइपाच्या टोकाजवळ रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. बाजारात यांनाच ए, बी आणि सी क्लास म्हणतात. दोन इंचीत पिवळ्याची जाडी २.९ मि.मी., निळ्याची ३.६ आणि लालची ४.५. हे पाठ करून माणूस पीव्हीसीच्या ढिगापुढे जातो आणि लाल अक्षरं बघून म्हणतो, वा, जड माल आहे. पीव्हीसीच्या मानकात लाल अक्षरं म्हणजे अडीच किलो, सगळ्यात हलका! निळी म्हणजे चार, हिरवी म्हणजे सहा. लोखंडात पिवळा सगळ्यात पातळ, तर पीव्हीसीत पिवळा दहा किलोचा. एकाच देशात, एकाच दुकानात, एकाच रंगाचे दोन उलटे अर्थ. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी एकमेकांना विचारलं नसावं. तेव्हा रंग ओळखीपुरता, आकडा खरा.

आता फिटिंगकडे. पाइपावर तरी दर तीन मीटरच्या आत छपाई असते, शोधली की सापडते. फिटिंगवर ती साच्यातूनच उमटलेली असते, बारीक, बोटाने चाचपून बघावी लागते. दाबाच्या पाण्याच्या, सोल्युशनने चिकटवायच्या पीव्हीसी फिटिंगचं मानक आहे आय. एस. ७८३४. त्याप्रमाणे तुकड्यावर बनवणाऱ्याची खूण पाहिजे, माप पाहिजे आणि दाबाचा वर्ग पाहिजे. लोखंडी आट्याच्या फिटिंगचं आय. एस. १८७९. त्यात बनवणाऱ्याची खूण आणि माप ओतीव असतं. कोरी टी हातात आली तर ती परत ठेवा. ज्याला आपल्या मालावर आपलं नाव टाकायची लाज वाटते, त्याच्या मालावर आपण आपली पाळी टाकायची का?

सगळ्यात मोठी फसगत कुठे होते ते ऐका. शहरात घराच्या संडास-मोरीचं सांडपाणी आणि छपराचं पावसाचं पाणी न्यायला वेगळे पीव्हीसी पाइप असतात. दुकानदार त्यांना एसडब्ल्यूआर म्हणतात. त्यांचं मानक आय. एस. १३५९२, आणि त्यांच्या फिटिंगचं आय. एस. १४७३५. तेही ७५ आणि ११० मि.मी.त मिळतात. दिसायला तसेच. आणि त्यांच्यावरही आयएसआयची खूण असते, खरीखुरी! पण ते उतारावरून वाहत जाणाऱ्या पाण्यासाठी केलेले आहेत, पंपाच्या दाबासाठी नाहीत. दाबाची टी संपलेली असली की काही दुकानदार तिच्या जागी ही सांडपाण्याची टी देतात आणि वर म्हणतात, ‘बघा, आयएसआय आहे.’ खोटं बोलले नाहीत ते. पण तुमच्या लाइनीत पहिला ठोका बसला की ती टी उलते. म्हणून आयएसआय दिसला की समाधान मानू नका. त्या खुणेच्या डोक्यावर जो आकडा असतो तो वाचा. आकडा सांगतो की हा माल कोणत्या कामासाठी तपासलेला आहे. पाइपावर ४९८५, फिटिंगवर ७८३४. हे दोन आकडे आज घरी जाताना हातावर लिहून घेतले तरी चालतील.

खुणेच्या खाली दुसरा एक क्रमांक असतो. त्याच्या आधी इंग्रजीत सीएम, तिरकी रेघ आणि एल अशी अक्षरं असतात. तो परवान्याचा क्रमांक. खूण वापरायची तर भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो. जुनी भारतीय मानक संस्था, जिच्या इंग्रजी नावावरून आपण आयएसआय म्हणतो, ती १९४७ सालची. १९८६ च्या कायद्याने ती जाऊन ब्युरो आला आणि आता २०१६ चा नवा कायदा लागू आहे. संस्थेचं नाव बदललं, खूण तीच राहिली. वरती मानकाचा आकडा नाही किंवा खाली परवान्याचा क्रमांक नाही, तर ती नुसती नक्षी आहे. परवान्याशिवाय ती छापणं हा गुन्हा आहे.

पूर्वी हा क्रमांक खरा की खोटा हे तपासायला आपल्याकडे काही साधन नव्हतं. आता आहे. ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ नावाचं ॲप आहे. प्रत्येकाच्या घरी एखाद्या पोराकडे मोबाइल असतोच. परवान्याचा क्रमांक त्यात टाकला की कारखान्याचं नाव-पत्ता, कोणत्या मालासाठी परवाना आहे आणि तो चालू आहे की संपलाय, हे समोर येतं. दुकानात उभं राहून पाच मिनिटांचं काम. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू द्या. कापूस विकताना व्यापारी आपल्या गाडीत हात घालून ओल बघतो, कवडी बघतो, आपण तोंड वाकडं करतो का?

दोन-तीन शब्दांपासून सावध राहा. ‘आय. एस. ४९८५ प्रमाणे’ असं नुसतं लिहिलेलं असतं, खूण नसते, परवाना नसतो. तो बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा झाला, कोणी तपासलेलं नाही. दुसरं, मोठ्या अक्षरात ‘आयएसओ ९००१’ लिहितात. ते प्रमाणपत्र कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीला असतं, या पाइपाला नाही. आयएसआय आणि आयएसओ, एका अक्षराचा फरक. तो फरक आपल्या लक्षात येऊ नये म्हणूनच काही जण तो इतका मोठा छापतात, असा मला दाट संशय आहे.

कोणी म्हणेल, एवढे आकडे, एवढे नियम, सरकारला दुसरा धंदा नाही का? नियमांचं जंगल मलाही आवडत नाही. पण मापाचा नियम वेगळा असतो. अमेरिकेत बाल्टिमोर शहराला फेब्रुवारी १९०४ मध्ये मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले. माणसं होती, पाणी होतं. पण बाहेरून आलेल्या नळ्यांची तोंडं बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. प्रत्येक गावाचे आटे वेगळे. आग तीस तासांवर चालली आणि सुमारे दीड हजार इमारती जळाल्या. त्यानंतर पुढच्याच वर्षी तिथे एक माप ठरवलं गेलं. आपल्याकडे जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीला आग लागली आणि दुसऱ्या तालुक्याचा बंब आला, तर त्याची नळी बसली पाहिजे म्हणून आय. एस. ९०३ हे जोडणीचं मानक आहे. तो कापूस आपलाच असतो, बऱ्याचदा चुकारा न मिळालेला.

आट्यांचं निघालंच आहे तर सांगतो. आपल्या जी. आय. पाइपाचे आटे इंग्रजी पद्धतीचे, व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली सुचवलेल्या आट्याच्या घडणीचे. एक इंची आणि त्यापुढच्या पाइपाला इंचात ११ आटे. अमेरिकन पद्धतीत एक ते दोन इंचीला साडेअकरा, आणि आट्याचा कोनही वेगळा. भंगार बाजारात कधी कारखान्यातला परदेशी वॉल स्वस्तात मिळतो, दिसायला भक्कम पितळी. दोन-तीन फेरे छान बसतो, मग अडतो. माणूस पान्याला पाइप लावून जोर करतो आणि आटे मारून टाकतो. अशा वॉलवर ‘डब्ल्यूओजी’ अशी अक्षरं आणि एक आकडा असतो. अक्षरांचा अर्थ पाणी, तेल, वायू, आणि आकडा पौंडातल्या दाबाचा. तिकडे वॉल आणि फिटिंगवर काय, कुठे लिहायचं यावर कारखानदारांच्या संघटनेने वेगळं मानकच केलेलं आहे. त्यांचे वर्गसुद्धा सरळ नाहीत. पोलादी फ्लँजवर १५० लिहिलेलं असलं तरी साध्या तापमानाला तो २८५ पौंड सोसतो. आपल्याला त्यात शिरायचं नाही. ज्या खुणेचा अर्थ लागत नाही तो माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, एवढंच.

फुटबॉलबद्दल दोन शब्द. म्हणजे विहिरीत सोडायच्या नळीच्या तळाचा फुटवॉल. शेतीपंपाच्या फुटवॉलसाठी वेगळं मानक आहे, आय. एस. १०८०५. तळाशी जाळी बारीक आणि तोंड अरुंद असलेला फुटवॉल पाण्याला अडवतो, आणि मोटार ते अडथळे ओढण्यात वीज खाते. हा अडथळा मोजायचा एक आकडा असतो, त्याला ‘के’ म्हणतात. मानकात तो ०.८ च्या वर चालत नाही. गावातल्या भट्टीत ओतलेला जड फुटवॉल आपल्याला मजबूत वाटतो. वजन मजबुतीचं असतं, पण पाणी वजनाने वर येत नाही.

टी आणि रिड्यूसर मागताना भाषा नीट वापरा, नाहीतर दोन चकरा पडतात. रिड्यूसरला मोठं माप आधी, लहान नंतर. ७५ बाय ६३. टीला आधी सरळ जाणारी दोन तोंडं, मग बाजूचं तोंड. ७५ बाय ७५ बाय ६३ म्हणजे मुख्य लाइन पंचाहत्तरची आणि फाटा त्रेसष्टचा. बाजारात हीच रीत चालते. कागदावर चित्र काढून नेलं तर अधिक चांगलं. वळणासाठी पाइप चुलीवर तापवून वाकवू नका. वाकवल्यावर बाहेरच्या अंगाला माल ताणला जातो, पातळ होतो, आणि पाण्याचा धक्का नेमका त्याच अंगाला बसतो.

आता बिल. ठिबक किंवा तुषारचं अनुदान घेतलं तर सामान खुणेचंच लागतं, अधिकारी तपासतात, तेव्हा आपण सगळे कागद सांभाळतो. स्वतःच्या खिशातून लाइन टाकली की कच्च्या चिठ्ठीवर काम भागवतो. हे उलटं झालं. पैसा आपला असेल तेव्हा कागद जास्त जपायला पाहिजे. बिलावर नुसतं ‘पीव्हीसी पाइप ७० नग, फिटिंग किरकोळ’ असं लिहू देऊ नका. माप, वर्ग, मानकाचा आकडा आणि बनवणाऱ्याचं नाव लिहून घ्या. फिटिंग ‘किरकोळ’ या एका शब्दाखाली गेली की नंतर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

एका गावात एकाच हंगामात तिघांच्या लाइनी फुटल्या. तिघांचं सामान एकाच दुकानातलं. तिघेही भांडायला गेले. दुकानदाराने विचारलं, ‘फुटलेला तुकडा कुठे आहे?’ तुकडे तर नाल्यात फेकून दिलेले. ‘बिल?’ चिठ्ठी होती, तिच्यावर फक्त रक्कम. तिघेही परत आले. भांडायची ताकद होती, पुरावा नव्हता.

तेव्हा तुकडा फुटला की पहिलं काम मोटार बंद करायची, दुसरं काम तो तुकडा जपून ठेवायचा. पाइप फुटला असेल तर फुटलेल्या जागेबरोबर छपाई असलेला भागही कापून घ्या, हातभर पुरतो. छपाईत बॅच नंबर असतो, त्यावरून तो कोणत्या दिवशीच्या मालातला आहे हे कारखान्याला नाकारता येत नाही. मोबाइलवर फोटो काढा, जागेवरचाच, चारीतला. मग तक्रार. त्याच ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे. ब्युरोची कार्यालयं नागपूर, पुणे आणि मुंबईला आहेत. २०१६ च्या कायद्यात खूण असलेला माल मानकाप्रमाणे निघाला नाही तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. दुकानदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तो १९८६ चा कायदा बदलून २०१९ चा नवा झालेला आहे, आणि आता तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कारखाना गुजरातेत असला तरी तुम्हाला तिकडे जावं लागत नाही.

एका माणसाची तक्रार फायलीत पडून राहते, हे खरं. म्हणून तालुक्याच्या प्रत्येक बैठकीला येताना ज्याचा ज्याचा तुकडा फुटला असेल त्याने तो आणि बिल घेऊन यावं. एकाच छापाचे पाच-सात तुकडे टेबलावर जमले, तर तक्रार लिहायला मी बसतो. पुढच्या बैठकीला येताना मी ४९८५ चा पाइप, ७८३४ ची टी आणि सांडपाण्याची टी, तिन्ही घेऊन येईन. हातात घेऊन, बोटाने चाचपून बघा. चहाला गेलेल्यांनाही तेव्हा घेऊन या.